आवाजालाही नावगाव हवे

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवरील एका लहानशा खेड्यात ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी राहावयास आले, तेव्हा त्या खेड्याचे नाव शेगाव होते. याच नावाचे दुसरे गाव बुलढाणा जिल्ह्यात लोहमार्गावर वसलेले असून श्री गजानन महाराजांच्या वास्तव्यामुळे ते सर्वदूर प्रसिद्ध आहे. दोन गावांच्या सारख्या नावांमुळे टपालाचा घोटाळा होऊ लागला. अखेर १९४० साली वर्ध्याजवळच्या शेगावचे नामकरण ‘सेवाग्राम’ असे करण्यात आले. गाव तेच राहिले, घरेही तीच राहिली. परंतु नाव नेमके झाल्याने पत्राला आपले दार सापडणे सुकर झाले.

जी गोष्ट पत्राची, तीच ध्वनिमुद्रित आवाजाची. आज गावोगावच्या शाळांतून, ग्रामपंचायतींतून आणि वाचनालयांतून ध्वनिमुद्रण करण्याची साधने सहज उपलब्ध आहेत. ग्रामसभेचे कामकाज, वृद्धांच्या आठवणी, सणावाराची गाणी, कीर्तने व भजने अशा अनेक गोष्टी मुद्रित होत असतात. मात्र काही महिन्यांनी यंत्र उघडून पाहिले, तर ‘००४’, ‘००५’ किंवा ‘नवीन ध्वनिमुद्रण ७’ अशा निर्जीव नावांची एक रांग तेवढी दिसते. आवाज शाबूत असतो. परंतु तो कोणाचा, कोठला, केव्हाचा, हे सांगणारे कोणी नसते. नावगाव नसलेला असा आवाज असून नसल्यासारखाच होय. म्हणून ध्वनिमुद्रणाला शीर्षक देणे व त्या शीर्षकाची व्यवस्था राखणे, हा ध्वनिमुद्रणाच्या कामाचाच एक आवश्यक भाग मानला पाहिजे.

विलंब न परवडणारे काम

गांधीजींनी २५ ऑगस्ट १९४६ रोजी सेवाग्राम सोडले. त्यानंतर ते येथे परत येऊ शकले नाहीत. त्या दिवशी आठ-दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. आश्रमातील सायंप्रार्थना ज्यांनी बालपणी ऐकली, अशा व्यक्ती यापुढे फार काळ भेटणार नाहीत. १९५१ साली सुरू झालेली विनोबाजींची भूदान पदयात्रा, १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदांची पहिली वर्षे, १९७२चा दुष्काळ आणि त्या काळातील कामे यांच्या प्रत्यक्ष आठवणी सांगणारी पिढीही आता वार्धक्याला पोहोचली आहे. आठवण मुद्रित करून ठेवली आणि सांगणाराचे नाव लिहिण्याचे राहून गेले, तर ती उणीव पुढे भरून काढता येत नाही. मुद्रण करणारा शिक्षक बदलून जातो, ग्रामसेवक बदलतो आणि आवाज ओळखणारी माणसेही एकेक करून जातात. शीर्षकासाठी लागणारी माहिती मुद्रणाच्या दिवशी फुकट मिळते. दहा वर्षांनी ती कोणत्याही किमतीला मिळत नाही.

या बाबतीत सेवाग्रामची परंपरा मार्गदर्शक आहे. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांनी १९१७ पासून १९४२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत रोजनिशी लिहिली. गांधीजी कोठे गेले, कोणाशी काय बोलले, याची नोंद तिच्यात दिनांकवार सापडते. पुढे गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीत शंभर खंड प्रसिद्ध झाले. ज्या पत्रावर दिनांक नव्हता, तेथे संपादकांना तो अन्य पुराव्यांवरून ठरवावा लागला आणि असा तर्काने ठरविलेला दिनांक त्यांनी चौकटी कंसात छापला. जे मुळात लिहिलेले आहे ते एका रीतीने आणि जे मागाहून ताडलेले आहे ते दुसऱ्या रीतीने दाखवावयाचे, ही शिस्त ध्वनिमुद्रणांची नोंद ठेवणारांनी अवश्य उचलावी अशी आहे.

फितीपासून कार्डापर्यंत

शीर्षकाची अडचण आजची नाही. १९६३ साली कॅसेट प्रथम बाजारात आली. तिच्यावर नाव लिहिण्यास कागदाची चिठ्ठी आणि डबीतील पुठ्ठ्याचे कार्ड एवढीच जागा होती. अमुक गाणे कोठे सुरू होते, हे यंत्रावरील फिरत्या आकड्यांवरून लिहून ठेवीत. परंतु हे आकडे यंत्रागणिक निराळे पडत. एका टेपरेकॉर्डरवर १३७ आकड्यावर येणारे गाणे दुसऱ्यावर तेथे सापडेलच, असा भरवसा नसे. डबी बदलली की कार्डही बदलले आणि भजनाच्या डबीतून भाषण निघाले, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे.

१९८७ साली अंकीय, म्हणजेच डिजिटल, ध्वनिफीत आली. चार मिलिमीटरहूनही किंचित कमी रुंदीच्या या फितीवर आवाज आकड्यांच्या रूपात साठविला जाई. आवाजाबरोबरच खुणांसाठी तिच्यावर वेगळी जागा राखलेली होती. प्रत्येक गाण्याच्या किंवा भाषणाच्या प्रारंभी एक आरंभखूण उमटे व तिला क्रमांक मिळे. मूळ आवाजाला धक्का न लावता ही खूण नंतर घालता येई, तसेच पुसताही येई. सोय मोठी होती. परंतु बहुतेक यंत्रांत केवळ क्रमांक राही, अक्षरी शीर्षक लिहिण्याची व्यवस्था नसे. शीर्षके पूर्वीप्रमाणे डबीतील कार्डावरच लिहावी लागत.

येथेच एक मोठा धोका दडलेला होता. समजा, एका फितीवर बारा गाणी आहेत. मागाहून ऐकताना आढळले की पाचव्या क्रमांकाखाली वस्तुतः दोन गाणी आहेत. म्हणून मध्ये नवी खूण घातली आणि यंत्राला सर्व खुणांचे क्रमांक पुन्हा लावण्यास सांगितले. यंत्राने आज्ञा पाळली; पूर्वीचे सहावे गाणे सातवे झाले आणि बारावे तेरावे झाले. डबीतील कार्ड मात्र जुनेच राहिले. परिणाम असा की सहापासून बारापर्यंतची सातही शीर्षके चुकीच्या आवाजाला चिकटली. कोणाचे गाणे कोणाच्या नावावर गेले, हे पुढे ऐकणाराला कळण्यास मार्ग उरला नाही.

१९९२ साली आलेल्या मिनीडिस्क नावाच्या लहान तबकडीवर अनुक्रमणिकेची जागा होती व तिच्यात अक्षरी शीर्षकेही लिहिता येत. परंतु ती सोय रोमन व जपानी लिपींपुरती होती. देवनागरीत नाव लिहिता येत नसे. शिवाय एका मुद्रणाचे दोन भाग केले, तर शीर्षक पहिल्या भागाकडे राही आणि दुसरा भाग निनावी होई. दोन मुद्रणे जोडली, तर मागच्याचे शीर्षक नाहीसे होई. ही दोन्ही साधने आता बाजारातून गेली आहेत. त्यांनी दिलेला धडा मात्र कायम आहे. तो असा, की क्रमांक ही रांगेतील जागा आहे. ती ओळख नव्हे. रांग बदलली की जागा बदलते. ओळख अशी हवी, की रांग कशीही बदलली तरी ती बदलणार नाही.

आजची यंत्रे

आजचा ध्वनिमुद्रक फितीऐवजी स्मृतिकार्डावर आवाज साठवितो. प्रत्येक वेळी कळ दाबली की एक स्वतंत्र फाइल तयार होते आणि यंत्र तिला आपणहून नाव देते. काही यंत्रे दिनांक व वेळ यांवरून नाव देतात, तर काही केवळ अनुक्रमांक देतात. दोन्ही पद्धतींत दक्षता आवश्यक आहे. यंत्रातील घड्याळ चुकीचे असेल, तर फाइलवर चुकीचाच दिनांक पडतो. म्हणून मुद्रणापूर्वी घड्याळ तपासावे. अनुक्रमांक देणाऱ्या काही यंत्रांत कार्ड कोरे केले की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. नव्या कार्डावरील ‘००१’ जुन्या ‘००१’ असलेल्या संग्रहात उतरविताना पहिले मुद्रण पुसले जाण्याचा संभव असतो. यासाठी प्रत्येक दिवसाच्या मुद्रणांना संगणकात स्वतंत्र कप्पा करावा आणि फाइलचे नाव त्याच दिवशी बदलावे.

फाइलचे नाव लहान, नियमित व सर्व यंत्रांना वाचता येईल असे असावे. वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसातील अनुक्रम या क्रमाने अंक लिहिल्यास संग्रह आपोआप कालानुक्रमे लागतो. ‘२०२५-१०-०२-०३’ म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ या दिवसाचे तिसरे मुद्रण. हा झाला संग्रह क्रमांक. तो एकदा दिला की कधीही बदलू नये आणि दुसऱ्या मुद्रणास पुन्हा देऊ नये.

शीर्षकात काय असावे

संग्रह क्रमांक यंत्रासाठी असतो, शीर्षक माणसासाठी. चांगल्या शीर्षकात चार गोष्टी येतात: कोण, काय, कोठे आणि केव्हा. बोलणाराचे किंवा गाणाराचे पूर्ण नाव, विषय, गाव व दिनांक हा क्रम ठरवून घ्यावा आणि तो संग्रहभर पाळावा. ‘मुलाखत १’, ‘आजींची गाणी’, ‘छान आठवण’ ही शीर्षके नव्हेत. पहिल्यात माहिती नाही, दुसऱ्यात अर्धीच आहे, तर तिसऱ्यात माहितीऐवजी अभिप्राय आहे. शीर्षकाने ओळख पटवावी; गुणवर्णनाचे काम ऐकणारावर सोपवावे.

केवळ पहिल्या ओळीवरून गाण्याला नाव देण्याची प्रथा आहे. ती पुरेशी नाही. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. सारख्या प्रारंभाचे गाणे एका गावी एका रीतीने पुढे जाते, तर शेजारच्या गावी दुसऱ्या रीतीने. ओव्यांचेही तसेच आहे. म्हणून पहिल्या ओळीबरोबर गाणारीचे नाव व गाव आलेच पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावयास हवी. ‘अमक्यांच्या मातोश्री’ किंवा ‘पाटलांच्या सूनबाई’ एवढ्यावर अनेकदा नोंद संपते. गाणे जिच्या कंठातून आले, तिचे स्वतःचे नाव शीर्षकात असणे हा तिचा अधिकार आहे. तिचे सासर व माहेर ही दोन्ही गावेही विचारून घ्यावीत. सेवाग्रामात मुद्रित झालेली ओवी ती माहेरी, दुसऱ्या तालुक्यात, शिकलेली असू शकते. मुद्रणाचे गाव आणि गाण्याचे गाव निरनिराळे असेल, तर दोन्ही लिहावीत. अन्यथा अभ्यासकाची दिशाभूल होते.

स्थळांच्या नावांविषयी असाच विवेक ठेवावा. एखादे आजोबा १९४० पूर्वीची हकीकत सांगताना ‘शेगाव’ म्हणतील. त्यांचा शब्द बदलू नये. नोंदीत मात्र ‘शेगाव [आजचे सेवाग्राम]’ असे लिहावे. हाच न्याय वऱ्हाडी बोलीतील शब्दांना लावावा. बोलणाराचा शब्द जसाच्या तसा ठेवून प्रमाण भाषेतील अर्थ वर्णनात द्यावा.

बोलके शीर्षक

सर्व उपायांत सर्वांत सोपा व बिनखर्ची उपाय म्हणजे शीर्षक मुद्रणाच्या प्रारंभीच बोलून ठेवणे. कळ दाबल्यावर मुद्रण करणाराने शांतपणे दिनांक, गाव, जागा, बोलणाराचे पूर्ण नाव, विषय आणि स्वतःचे नाव सांगावे. नंतर क्षणभर थांबून मूळ कार्यक्रम सुरू करावा. चिठ्ठी गळून पडते, कार्ड हरवते, फाइलचे नाव बदलले जाते. परंतु आवाजात मिसळलेले हे शीर्षक आवाजापासून सहसा वेगळे होत नाही. याच वेळी बोलणाराची अनुमतीही त्याच्या तोंडून घ्यावी. मुद्रण सर्वांना ऐकविण्यास हरकत नाही, केवळ अभ्यासासाठी आहे, की काही वर्षे बंद ठेवावयाचे आहे, हे त्यात स्पष्ट व्हावे. काही आठवणी कुटुंबाच्या किंवा गावाच्या दृष्टीने नाजूक असतात. अशा मुद्रणाचे शीर्षकही गुपित फोडणारे नसावे.

रकाने आणि देवनागरी

फाइलच्या पोटातही शीर्षक, व्यक्ती, वर्ष इत्यादींसाठी रकाने असतात. ते भरल्यास फाइल कोठेही गेली तरी माहिती तिच्याबरोबर जाते. एमपी३ फाइलींसाठी १९९६ साली सुरू झालेल्या पहिल्या पद्धतीत शीर्षकाचा रकाना केवळ ३० बाइटचा होता आणि तो रोमन लिपीच्या हिशेबाने आखलेला होता. संगणकात आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘सेवाग्राम’ या शब्दात अक्षरे, मात्रा, काना व हलन्त मिळून नऊ चिन्हे होतात. म्हणजे एवढ्या एका शब्दालाच २७ बाइट लागतात. जुन्या रकान्यात मराठी शीर्षक का मावत नाही व तेथे प्रश्नचिन्हे का उमटतात, हे यावरून ध्यानात येईल. याच पद्धतीची सुधारित आवृत्ती १९९८ पासून आली. तिच्यात मोठे रकाने व युनिकोडची सोय असल्याने पूर्ण मराठी शीर्षक लिहिता येते.

वेव्ह या असंकुचित प्रकारासाठी युरोपीय प्रसारण संघाने १९९७ साली एक विस्तारित रचना आखून दिली. तिच्यात वर्णनासाठी २५६ अक्षरांची जागा आहे. परंतु ती साध्या रोमन अक्षरांपुरतीच आहे. तेथे संग्रह क्रमांक व रोमन लिपीतील थोडक्यात माहिती लिहावी आणि मराठी शीर्षक नोंदवहीत ठेवावे. जतनाची मूळ प्रत वेव्ह प्रकारातच असावी. सेकंदाला ४८ हजार नमुने व २४ बिट या दर्जाचे द्विमार्गी मुद्रण ताशी सुमारे एक गिगाबाइट जागा घेते. आजच्या साठवणुकीच्या मानाने हा भार जड नाही.

नोंदवही आणि दुरुस्ती

यंत्रातील रकान्यांवर विसंबून कागदी नोंदवही सोडून देऊ नये. पानांवर क्रमांक घातलेली एक बांधीव वही पुरे. तिच्यात संग्रह क्रमांक, शीर्षक, बोलणाराचे नाव, वय व गाव, मुद्रणाचे स्थळ व दिनांक, कालावधी, भाषा वा बोली, अनुमतीचा प्रकार, मुद्रण करणाराचे नाव आणि शेरा एवढे रकाने असावेत. हीच वही संगणकावरील तक्त्यात उतरवून घेतली, म्हणजे शोध घेणेही सोपे होते.

दुरुस्ती करताना दोन नियम पाळावेत. पहिला नियम असा, की जुने शीर्षक खोडून नाहीसे करू नये. ते वाचता येईल अशी एक रेघ मारून नवे शीर्षक, दिनांक व दुरुस्ती करणाराची सही लिहावी. तर्काने भरलेली माहिती चौकटी कंसात घालावी. दुसरा नियम असा, की मूळ मुद्रण कापू नये. भाग पाडावयाचे असल्यास प्रत काढून तिचे भाग करावेत आणि मूळ क्रमांकाला ‘अ’, ‘आ’ जोडून प्रत्येक भागास पूर्ण शीर्षक द्यावे. म्हणजे पुढच्या कोणत्याही मुद्रणाचा क्रमांक हलत नाही.

संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावी असावी. शाळेतील प्रतीबरोबर नोंदवहीचीही प्रत ग्रामपंचायतीत ठेवता येईल. वर्षातून एकदा काही मुद्रणे लावून शीर्षक व आवाज यांचा मेळ तपासून पाहावा.

एक अनुकरणीय उदाहरण

या शिस्तीचे फळ महाराष्ट्राला जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाच्या रूपाने मिळाले आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह राज्यातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांनी त्या संग्रहासाठी संगणकीय माहितीकोशाची रचना केली आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. पॉइतवाँ २००४ साली व राईरकर २०१० साली निवर्तले. तरीही काम थांबले नाही. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या उपक्रमातून त्या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, तालुका व जिल्हा दिलेला आढळतो. संग्राहक गेल्यावरही संग्रह बोलू शकला, याचे कारण आवाजाबरोबर त्याचे नावगाव जपले गेले होते. त्याच नावगावाच्या आधारे पुढील कार्यकर्ते अनेक गायिकांच्या गावी पुन्हा जाऊन पोहोचले.

शाळा व पंचायतीचे काम

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार देशापुढे आला आणि सेवाग्राम हे त्या शिक्षणाचे केंद्र बनले. हाताने करावयाच्या उपयुक्त कामातून ज्ञान मिळावे, हा त्या विचाराचा गाभा होय. गावातील आवाजांची नोंद ठेवणे हे असेच काम आहे. शीर्षक लिहिताना विद्यार्थ्याला नेमकी भाषा साधते, गावांची नावे तपासताना भूगोल उलगडतो, दिनांक जुळविताना इतिहास कळतो आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना ऐकून घेण्याची सवय लागते. शिक्षकांनी मार्गदर्शन करावे, पंचायतीने वही, साठवणुकीचे साधन व कपाटातील एक खण द्यावा आणि अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी ही वही आवर्जून पाहावी, एवढ्यात या कामाची घडी बसू शकेल.

यंत्रे बदलत आली आहेत आणि पुढेही बदलतील. फीत गेली, तबकडी गेली, उद्या कार्डही जाईल. परंतु या दिवशी, या गावी, ही व्यक्ती हे बोलली, अशी स्वच्छ अक्षरातील एक ओळ कोणत्याही यंत्रावाचून वाचता येते. पुढच्या पिढीच्या हाती आवाज सोपविताना ती ओळ त्याच्याबरोबर देण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.